बंद घरांची राखण कोणाची?

गौरी-गणपती पोचवून झाले की कोकण रेल्वेच्या गाड्या भरभरून मुंबईकडे निघतात आणि देवबागपासून आचऱ्यापर्यंत, कट्ट्यापासून मसुऱ्यापर्यंत वाडीवाडीत कुलपे पडतात. काही कुलपे आंगणेवाडीच्या जत्रेला निघतात, काही शिमग्याला, बरीचशी मे महिन्यात. काही मात्र पुढच्या चतुर्थीपर्यंत निघतच नाहीत. अधूनमधून सकाळी बातमी येते: अमक्याचे बंद घर फोडले, कोयंडा उचकटला, कपाट फोडले, ऐवज लंपास. मग दोन दिवस चर्चा रंगते. मुंबईकर विचारतात, शेजारी काय झोपले होते? गाववाले विचारतात, वर्षातून आठ दिवस राहायला एवढी घरे बांधायचीच कशाला? आणि दोघे मिळून विचारतात, पोलीस काय करतात?

तिन्ही प्रश्नांत तथ्य आहे, पण तिन्ही दुसऱ्याला विचारलेले आहेत. बंद घर फुटते तेव्हा नुकसान मालकाचे होते हे खरे. पण त्या रात्रीनंतर सगळ्या वाडीची झोप उडते, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका संध्याकाळी सातलाच कडी घालू लागतात, आणि परगावच्या प्रत्येक माणसाकडे लोक संशयाने बघू लागतात. म्हणून बंद घराची राखण ही मालकाची खासगी बाब आहे, असे म्हणून आता गावाला मोकळे होता येणार नाही. आणि गावाच्या भरवशावर टाकून मालकालाही मोकळे होता येणार नाही. याबाबतचे माझे मुद्दे असे.

१. सुरुवात आकड्यांपासून करू. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्राची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत वाढली, आपली मात्र घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हा त्याच जनगणनेतला आकडा. कमावते पुरुष कुठे गेले हे त्यावरून कळते. माणसे घटली, घरे मात्र वाढली. निवृत्तीच्या पैशातून बांधलेला बंगला, शेजारी वडिलांचे कौलारू घर, दोन्हींना कुलूप. 'पूर्वी आमच्याकडे दाराला कडी नसायची' असे आपण अभिमानाने सांगतो. पण का नसायची? पडवीत आठ-दहा माणसे पथारी टाकून झोपत, गोठ्यात गुरे असत, पहाटे कोणी ना कोणी नांगर घेऊन निघत असे. ती राखण सज्जनपणापेक्षा गर्दीची होती. गर्दी गेली, तिच्या जागी आपण एक कुलूप लावले आणि ते पुरेल असे गृहीत धरले.

२. रिकामी घरे आपल्याला नवीन आहेत का? मुळीच नाहीत. आचऱ्याची गावपळण सगळ्यांना माहीत आहे. ठरावीक वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल होतो आणि सगळे गाव गुराढोरांसह, कोंबड्याकुत्र्यांसह तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जाते. चिंदर, वायंगणीतही ही प्रथा आहे. अख्खे गाव ओस, पण ते ठरवून आणि एकत्र. कधी जायचे, कधी परतायचे हे लहान मुलालाही ठाऊक असते. वेशीबाहेर झोपड्या घालून सगळे एकमेकांच्या नजरेसमोर असतात. प्रथेमागच्या श्रद्धेविषयी ज्याचे त्याने ठरवावे. मला तिच्यातली शिस्त महत्त्वाची वाटते. आजचे रिकामपण गुपचूप घडते. शेजारचे कुटुंब रविवारी रात्रीच्या गाडीने गेले, हे वाडीला बुधवारी कळते. किल्ली कोणाकडे आहे? पुन्हा कधी येणार? मधल्या काळात कोणाला फोन करायचा? गावात कोणालाच माहीत नसते. गाव ओस पडायचेच असेल, तर निदान त्याची नोंद तरी राहू दे.

३. आता घराकडे बघू. चोराला गुप्त खबर लागत नाही. खळ्यात पातेरा साचलेला, तुळस सुकलेली, दोरीवर एकही कपडा नाही, महावितरणचे बिल दाराच्या फटीत अडकलेले आणि पडवीतला बल्ब भर दुपारी जळतो आहे. मालकाला वाटते, दिवा लावून ठेवला म्हणजे घरात माणूस आहे असे दिसेल. रात्री दिसतही असेल. दिवसा तोच दिवा 'घरात कोणी नाही' अशी दवंडी पिटतो. वेळेवर लागणारा आणि विझणारा टायमर फार महाग नसतो.

समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या या किल्ल्याचे महाद्वार बुरुजांच्या आड असे बसवले आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. तो किल्ला रोज बघणारे आपण पुढच्या दाराला रस्त्यावरून चमकेल असे पिवळेधमक कुलूप लावतो, आणि मागच्या दाराला, जिथून चोर खरोखर शिरतो, आजोबांच्या काळचा लाकडी अडसर. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कोयंड्याचे स्क्रू गंजतात, जुनी चौकट वाळवीने आतून पोकळ होते. पहारीचा एक हिसका बसला की भारीतले कुलूप जसेच्या तसे राहते आणि कोयंडा त्याच्यासकट हातात येतो. म्हणून कुलपाआधी कोयंडा बघा. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, दाराच्या आत बसणारे कुलूप, मागच्या दाराला आतून लोखंडी आडवी पट्टी. कौलारू घरात तर दाराचीही गरज नाही. चार कौले सरकवली की माणूस आत उतरतो. माळ्याला फळ्या नसतील तर वाशांखाली जाळी मारून घ्या. गवंडी, सुतार, वेल्डर यांचे हे दोन दिवसांचे काम आहे, आणि ते चतुर्थीच्या रंगरंगोटीच्या आधी व्हायला हवे.

कॅमेऱ्याबद्दल बोलल्याशिवाय हल्ली हा विषय पूर्ण होत नाही. लावा, जरूर लावा. पण १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा वीज किती दिवस नव्हती, ते आठवा. साध्या पावसाळ्यातही आपल्याकडे वीज आणि इंटरनेट किती टिकते, हे सांगायला नको. शिवाय सराईत चोर चित्रीकरणाची पेटीच उचलून नेतो. आणि समजा, डोंबिवलीत बसून रात्री दोन वाजता मोबाइलवर खळ्यात माणूस फिरताना दिसला. पुढे काय? फोन कोणाला करणार? कॅमेरा फक्त बघतो. धावून जायला वाडीत कोणीतरी असावे लागते.

४. घर फुटल्यानंतरची सकाळ कशी असते? माजघरात कपड्यांचा ढीग, तांदळाचा डबा उपडा केलेला, कारण बायका सोने कुठे ठेवतात हे चोरालाही माहीत असते. देवघरात समईच्या जागी तेलकट वर्तुळ तेवढे उरलेले. हवालदार कागद काढून विचारतात, काय काय गेले? शेजारच्या काकी सांगतात, 'माका काय ठावक, मी खळ्यातून बघी.' मग डोंबिवलीच्या मालकाला फोन. तो म्हणतो विरारच्या भावाला विचारा. विरारचा म्हणतो, तांब्याचे हंडे दोन होते की तीन ते आता कसे सांगू, आणि समई मागच्या वर्षी वहिनीने नेली ना? अर्धा तास असा जातो आणि पंचनाम्यात 'अंदाजे' हा शब्द पडतो. पुढे चोर पकडला गेला, माल मिळाला, तरी हा हंडा आमचाच हे सिद्ध कसे करणार? त्यावर नाव घातलेले नाही, पावती तर पणजोबांनी घेतलीच नव्हती.

यामागे आपले जुने दुखणे आहे. घर आजोबांच्या नावावर, हिस्सेदार आठ, घरपट्टी एक भरतो आणि सात जण त्याला नावे ठेवतात. मागचे दार कुजले आहे हे आठही जणांना दिसते. पण दार बदलले तर 'ह्यो घर आपल्या नावावर करता' असा संशय येईल, म्हणून कोणी हात लावत नाही. खोल्या वाटून घेतल्या, माड वाटून घेतले, देवघराची पाळी वाटून घेतली. राखण तेवढी वाटपातून राहिली. करायचे ते सोपे आहे. घरातल्या मोलाच्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, हंड्या-समयांवर नाव कोरून घ्या, आणि सगळ्या हिस्सेदारांनी मिळून एका माणसाला लेखी अधिकार द्या: तक्रार तो देईल, दुरुस्ती तो करील, खर्च सगळे देतील. सोने बँकेत ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. सगळी भरपाई होईल असे नाही. पण तांदळाचा डबा तेवढीही हमी देत नाही. भाऊबंदकीने कुजू दिलेले दार चोराला फोडावेही लागत नाही.

५. राखण करणाऱ्यांचे काय? आज मालवण तालुक्यातल्या किती वाड्यांत राखणीचा सारा भार सत्तरी ओलांडलेल्या दोन-तीन बायकांवर आहे! येणारा प्रत्येक मुंबईकर जाताना सांगून जातो, 'काकी, जरा घराकडे लक्ष ठेव हां.' सहा घरांच्या किल्ल्या एका खुंटीवर. 'आमी म्हातारी माणसां, कोणाकोणाच्या घराकडे बघतलव?' हा त्यांचा प्रश्न आपण हसण्यावारी नेतो. रात्री आवाज आला तर त्या माउलीने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? काठी घेऊन जावे?

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरची आठवण इथे ठेवली पाहिजे. १९९७ साली तिथे सोन्याचा गणपती सापडला, गावाचे नाव झाले, पर्यटन वाढले. २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडेखोरांनी मूर्ती नेली आणि मंदिराच्या दोन पहारेकऱ्यांना ठार मारले. मूर्ती गेल्याची हळहळ आपण अजून करतो. त्या दोघांची आठवण किती जणांना आहे? आपल्या गावातल्या देवळांच्या फंडपेट्याही अशाच एखाद्या वयस्क माणसाच्या भरवशावर असतात. आणि तो नसला तर देवाच्या. आरवलीचा वेतोबा रात्री गावात फेरी मारतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. त्या श्रद्धेचा मान राखूनच विचारतो: देवाला गस्तीवर पाठवून गावाने किती झोपायचे? राखणदाराचे काम झुंज देण्याचे नव्हे, जाग देण्याचे आहे. त्याने दिवा लावावा, ११२ ला फोन करावा, वाडीला उठवावे. त्याच्या हाकेला ओ देणारे दहा जण ठरलेले नसतील, तर त्याला आपण राखणदार म्हणून नेमलेले नाही, बळी म्हणून बसवले आहे.

६. आता पोलीस. आपल्याकडे ठाण्यांची हद्द मोठी, वाड्या विखुरलेल्या, माणूसबळ बेताचे. एका रात्रीत एक गाडी खाडीच्या दोन्ही काठांवर गस्त घालू शकत नाही, हे मान्य. म्हणूनच जे करता येते ते तरी व्हावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न काढता घ्यायची आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही ती देता येते, मात्र देणाऱ्याने तीन दिवसांत सही करायची असते. नोंदलेल्या खबरेची प्रत मोफत मिळते. म्हणजे डोंबिवलीच्या माणसाला तक्रारीसाठी रजा मिळण्याची वाट बघायला नको. पहिला दिवस वाया गेला की पायाच्या-हाताच्या खुणा पुसल्या जातात. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणे, हेही त्याच संहितेने पोलिसांवर बंधनकारक केले आहे. राहत्या घरातली किंवा ऐवज ठेवलेल्या इमारतीतली चोरी असो, की देवळातल्या मूर्तीची, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा पुरेसा आहे. कमतरता हिशेबाची आहे. प्रत्येक ठाण्याने दरवर्षी बंद घरांच्या किती घरफोड्या नोंदवल्या, किती उघडकीस आल्या, किती ऐवज मालकांना परत मिळाला, हे गावच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? नागरिकांना सतर्क राहा असे सांगण्याचा पोलिसांचा हक्क हा हिशेब दिल्यावर येतो.

७. एक गोष्ट निक्षून सांगायला हवी, कारण ती सांगणारे कमी आणि उलट बोलणारे फार. घर फुटले की बोट पहिल्यांदा कोणाकडे जाते? आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराकडे, मच्छीमार ट्रॉलरवरच्या परप्रांतीय खलाशांकडे, पाल टाकून राहिलेल्या भटक्या कुटुंबाकडे. आपली बाग त्यांनी राखायची, आपली मासळी त्यांनी ओढायची, आणि चोर म्हणूनही त्यांनाच धरायचे? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला. आपल्या डोक्यातून तो गेला का? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. दोन्ही गावांत कोणीही आधी खुनी नव्हते. भीती होती, जागरण होते आणि मोबाइलवर फिरणारे संदेश होते. आपल्या वाडीच्या ग्रुपवर 'चोरांची टोळी फिरतेय, सावध' असा संदेश आला की तो पुढे ढकलण्याआधी पोलीस पाटलाला एक फोन कोण करतो? कामगारांची नोंद जरूर ठेवा, लॉजवर आणि घरगुती निवासात येणाऱ्या पर्यटकांची ओळखपत्रे जरूर बघा, नियम तोच आहे. पण नोंद सगळ्यांची असावी. आलिशान गाडीतून आलेल्याचीही. ज्या गस्तीच्या हातात काठी आहे आणि नोंदवही नाही, ती गस्त चोरापेक्षा धोकादायक आहे.

८. मग हे सगळे करायचे कोणी? याचे उत्तर १९५८ सालच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. त्याला जोडलेल्या ग्रामसूचीत गावची दिवाबत्ती आहे, तशीच गावाची आणि पिकांची राखणही आहे. दिवाबत्तीचे काय झाले ते आपण पाहिले: २०२१ मध्ये बिले थकली म्हणून राज्यभर गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली आणि ती बिले कोणी भरायची यावर सरपंच आणि सरकार भांडत बसले. राखणीबद्दल तर भांडणही होत नाही. पोलीस पाटील १९६७ च्या कायद्याने आहेच. ग्राम रक्षक दलाची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे. एका फोनवर गावातल्या सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी वाजवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा पुणे, नाशिककडच्या गावांनी वापरून दाखवली आहे. आपल्याकडे काय अडते?

पैसा, असे उत्तर येईल. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईचे मंडळ पैसा उभा करते. कमान उभी राहते, क्रिकेटच्या सामन्यांना ढाल येते, दशावताराला देणगी जाहीर होते. त्याच मंडळाने बंद असलेल्या प्रत्येक घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम गोळा केली, तर वाडीतल्या दोन तरुणांना राखणीचे मानधन देता येईल. आठवड्यातून दोनदा खळे झाडायचे, मागचे दार बघायचे, बिले काढून ठेवायची, नोंदवहीत वेळ टाकून सही करायची. वादळात कौले उडाली तर मालकाला त्याच दिवशी कळेल, हा वरचा फायदा. त्या निमित्ताने दोन मुले गावात राहिली तर तोही. आणि काकींच्या खुंटीवरच्या सहा किल्ल्या एकदाच्या खाली उतरतील.

ग्रामसभा २६ जानेवारीला आहे, १ मेला आहे. मेमध्ये तर चाकरमानीही गावात असतात. त्या सभेला तीन ठराव मांडा: बंद घरांची नोंदवही, राखणीचा निधी आणि मालकांपैकी एकाचे नाव-फोन पोलीस पाटलाकडे देण्याची सक्ती. विरोध कोण करतो ते बघू. बहुधा तोच करील, ज्याच्या घराच्या मागच्या दाराला अजून लाकडी अडसर आहे.